शांत, सोशिक, गोड

कपवाली तशी कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती, फक्त आळशी होती. दुकानाच्या पाटीवर तिने ठळक रंगवलं होतं, 'कपावर तुमचं नाव आणि नावाचा खरा अर्थ'. आता खरा अर्थ शोधत बसणार कोण? बाईमाणसाचं अनोळखी नाव आलं की ती बेधडक खाली लिहायची: शांत, सोशिक, गोड. अकरा वर्षांत एकीचीही तक्रार आली नव्हती. येईल कशाला!

म्हणून शाळेतल्या मास्तरांनी 'दबोरा' नावाचा कप मागवला, तेव्हाही तिने तेच लिहिलं. निवृत्त होणाऱ्या मोठ्या बाईंचं हे नाव, हे तिला कळलं निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी, खुद्द मोठ्या बाई कप घेऊन दुकानात शिरल्या तेव्हा. पाचवीत याच बाईंनी तिला कॉपी केली म्हणून आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. त्यांचं नाव विचारायची तेव्हा कुणाची छाती होती?

"काल समारंभात हे वाचलं, तर अख्खी शाळा पोट धरून हसली," बाई म्हणाल्या. "अगं, दबोरा हे हिब्रू नाव. अर्थ मधमाशी. जन्मल्यापासून माझी भुणभुण थांबेना, म्हणून वडिलांनी ठेवलं. तू हे शांत कुठून काढलंस?"

"पुस्तकातून, बाई."

"दाखव पुस्तक."

पुस्तक असेल तर दाखवणार ना! तोवर बाईंची नजर फळीवरच्या कपांवर गेली. सारा, लेआ, मिर्याम. सगळ्या शांत, सगळ्या सोशिक, सगळ्या गोड.

"पुन्हा कॉपी!" बाई कडाडल्या.

बेचाळीस वर्षांची कपवाली मुकाट्याने स्टुलावर उभी राहिली. आता बाई गावभर सांगणार आणि दुकानाला कुलूप लागणार, या भीतीने तिला रडूच फुटलं. "चुकलं, बाई. द्या तो कप, मी नवा करून देते."

बाईंनी कप छातीशी धरला. "हात लावशील तर खबरदार! चाळीस वर्षं शाळा सांभाळली, घर सांभाळलं. मला गोड कुणी खोटंसुद्धा म्हटलं नाही गं."

कपवालीने डोळे पुसले.

"उतर आता. आधी पाटीवरचा तो 'खरा' पूस. मग या कपाच्या मागे मधमाशी काढ, चांगली नांगीसकट. पिताना गोड माझ्याकडे राहील. समोर बसेल त्याला नांगी दिसू दे."