चिमटीत धरलं होतंत ना?

वॉर्डाच्या दारातच मोठ्या सिस्टरांचं पोस्टर लावलं होतं. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात केसाएवढी बारीक सुई आणि खाली ठळक अक्षरांत 'एक परिचारिका, दोन शास्त्रं'. फोटोवाल्याला पाच वेळा 'जरा हसा' म्हणावं लागलं होतं. त्यामुळे चेहऱ्यावर, दाढ दुखत असताना अभिनंदन स्वीकारणाऱ्या माणसाचे भाव होते. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर व्यवस्थापनाने त्यांना ॲक्युपंक्चरच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला धाडलं. 'नाही' म्हणायला शिकवणारा अभ्यासक्रम कुठे निघालेला नव्हता.

दुपारी तीनच्या सुमारास सात नंबरचे टेलरकाका खोकले.

साधाच खोकला. वॉर्डात दिवसाला असे दोनशे होतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. पण सिस्टरांनी मान वर केली, कारण सकाळी अकरा वाजता काकांच्या उजव्या खांद्यात त्यांनीच सुई टोचली होती.

काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकरवर भार देऊन देऊन खांदा धरला, आणि दुखण्याच्या गोळ्या पोटाला सोसेनात. म्हणून सुया. कुठे टोचायचं ते सुईसाहेबांनी पेनाने ठिपके काढून दाखवलं. सुईसाहेब म्हणजे ॲक्युपंक्चरचे डॉक्टर. ठिपके काढून ते ओपीडीत गेले, सुया सिस्टरांनी टोचल्या.

"सिस्टर, चिमटीत नाही धरलंत?" काका तेव्हा म्हणाले होते. "आम्ही साधी टाचणी लावतानासुद्धा कापड चिमटीत धरतो. नाहीतर खालच्या थरात घुसते."

"काका, तुम्ही कापड नाही. माणूस आहात."

"तेच म्हणतोय मी. कापड उसवून पुन्हा शिवता येतं."

उशाशी बसलेली त्यांची सून हसली. सिस्टरही हसल्या. आणि सुई गेली ती सरळ, नव्वद अंशात.

खांद्यावर तशी टोचायची नसते. स्नायू चिमटीत उचलायचा आणि सुई तिरकी, अगदी वरवर ठेवायची. कारण तिथून दोन बोटं खाली फुप्फुसाचं टोक असतं, आणि काकांच्या अंगावर मांस म्हणाल तर हँगरवर असतं तेवढंच. हे सगळं सिस्टरांना पाठ होतं. परीक्षेत या प्रश्नाला त्यांना पैकीच्या पैकी मिळाले होते. पण परीक्षा डोक्याने दिली होती आणि सुई हाताने टोचली होती. हाताला बावीस वर्षांची इंजेक्शनं ठाऊक होती: ताण, टोच, काढ, पुढचा.

"काय होतंय काका?"

"काही नाही हो. इथं जरा जड जड वाटतंय."

वॉर्डात प्रत्येक पेशंटचे दोन कागद असत. हिरवा सुयांचा, निळा नर्सिंगचा. हिरव्या कागदावर 'जडपणा जाणवला' अशी चौकट होती. त्यात टिक आली की सुई बरोबर लागली, सगळे खूश. निळ्या कागदावर तोच जडपणा छातीत असेल तर धावत सुटायचं. एकाच माणसाचं एकच दुखणं एका कागदावर पास होत होतं, दुसऱ्यावर नापास. सकाळी सिस्टरांनी हिरव्यावर टिक केली होती.

त्यांनी काकांच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. चौऱ्याण्णव. सकाळी सत्त्याण्णव होता. बोट गार असेल म्हणून चोळून पुन्हा लावला. त्र्याण्णव. दुसरं बोट. त्र्याण्णव. माणसाला दहाच बोटं असतात याचा त्यांना राग आला.

त्यांनी सुईसाहेबांना फोन लावला.

"चिमटीत धरलं होतंत ना?" साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"हो," सिस्टर म्हणाल्या.

हा 'हो' कुठून आला ते त्यांना कळलं नाही. सुईसारखाच गेला, सरळ.

"मग घाबरू नका. स्नायू मोकळा होतोय. तासभर जड वाटतं. तुम्ही चहा घ्या."

फोन ठेवेपर्यंत सिस्टरांना खरोखर बरं वाटलं. आपणच मारलेल्या थापेवर मिळालेला दिलासा. तो टिकणार किती?

"सिस्टर, बाबांना घाम आलाय बघा," सून म्हणाली. "पंखा वाढवू का?"

सिस्टरांनी काकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. डावीकडे श्वास भरून येत होता, जात होता. उजवीकडे वर काहीच नाही. घर सोडून गेलेल्या माणसांचं दार वाजवावं तसं. नळीच बिघडली असेल या आशेने त्यांनी ती स्वतःच्या छातीला लावून पाहिली. नळी उत्तम चालत होती. नको इतकी.

तेवढ्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर आल्या, वयाने सिस्टरांच्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी हिरवा कागद वाचला, मग निळा, मग दाराकडे पाहिलं. दारात पोस्टर होतं.

"सुया तुम्हीच टोचल्यात ना? मग तो प्रश्नच नाही. ऑपरेशननंतर छातीत कफ साठतो. अँटिबायोटिक सुरू करू. एक्स-रेला रांग आहे, उद्या सकाळी बघू."

उद्या सकाळी. सिस्टरांनी काकांच्या ओठांकडे पाहिलं. ओठांचा रंग निळ्या कागदाच्या बाजूने झुकत चालला होता. मघाशी घुसलेला 'हो' आता बाहेर काढायचा होता, आणि त्याला सुईसारखी मूठ नव्हती. पोस्टर उतरेल. चौकशी होईल. ही सून, जी सकाळी हसली होती, ती पुन्हा कधी हसणार नाही.

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "सुई सरळ गेली. मी चिमटीत धरलं नव्हतं."

सूनबाईचा हात पंख्याच्या बटणावरच राहिला. डॉक्टरांनी एक क्षण सिस्टरांकडे पाहिलं आणि कागद पलंगावर टाकून त्या धावल्या.

एक्स-रेचं मशीन रांग मोडून पलंगापाशी आलं. उजवं फुप्फुस आवळून अर्ध्यावर आलं होतं, वरची सगळी जागा काळी, सुईच्या भोकातून निसटलेल्या हवेची. बरगड्यांमधून नळी घालताना काकांचा हात सिस्टरांच्या हातात होता. खरं म्हणजे सिस्टरांचाच त्यांच्या हातात होता.

सुईसाहेब आले तेव्हा नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं होतं आणि बुडबुडे निघत होते.

"फोनवर तुम्ही हो म्हणालात," ते हळूच म्हणाले.

"म्हणाले."

"चहा घ्या म्हणालो मी." साहेब पांढरेफटक पडले होते.

सून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. सिस्टरांकडे पाहायचं नाही एवढं तिने ठरवलेलं दिसत होतं. ऑक्सिजन शहाण्णववर आला. मास्कखाली काका काहीतरी पुटपुटले. सिस्टर खाली वाकल्या. काकांनी त्यांच्या मनगटावरची कातडी दोन बोटांत उचलली, हलकीच, महागाचं कापड धरावं तशी.

"असं," ते म्हणाले. "असं धरायचं."

सिस्टरांनी मान हलवली. तोंडाने 'हो' म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही. फुप्फुसाचं भोक बुजलं की बुडबुडे थांबतात. त्या स्टूल ओढून बाटलीसमोर बसल्या. एक आला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.