कीर्तन न चढलेली कॅसेट

या, मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. पाठीमागच्यांनी कुजबुज थांबवा. माझी गोष्ट भीतीची आहे. भुताची नव्हे, पण भूत समजलं गेल्याची. आणि खरं सांगते, भुतापेक्षा ते जास्त भीतिदायक असतं.

मी एक जुनी कॅसेट आहे. तळहातावर मावेन एवढं माझं अंग, पोटात दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. जळगावच्या दुकानात काचेआड बसून मी एकच मागणं मागत असे, की देवा, माझ्यावर काहीतरी गोड उतरू दे. एखादी गवळण, एखादं भजन. शेजारच्या कॅसेटींवर हरिपाठ होता. मला त्यांचा हेवा वाटे.

मला विकत घेतलं लीलाधरनं. एरंडोलच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो उघडायचा, तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून भरायचा. त्याचा मित्र अभिमन मुंबईला बोटीवर कामाला लागला होता. तो सुट्टीत आला तेव्हा परदेशातल्या एका रॉक बँडची कॅसेट घेऊन आला. ती त्याला परत न्यायची होती, म्हणून लीलाधरनं तिच्यावरचं सगळं माझ्या दोन्ही बाजूंवर उतरवून घेतलं.

मित्रांनो, काय सांगू! पहिला ठोका माझ्यावर उतरला आणि मी थरारले. ढोल वाजवणारा दोन्ही पायांनी आणि दोन्ही हातांनी असा तुटून पडला होता, जणू पत्र्यावर गारांचा मारा. दोन गिटारी एकमेकींच्या मागे सुऱ्या घेऊन धावत होत्या. आणि गाणारा? तो गात नव्हता. जनावराच्या घशातून यावी तशी डरकाळी फोडत होता. एकेक गाणं तर चूल पेटायच्या आत संपे. मला वाटलं, झालं, आपल्या अंगात काहीतरी शिरलं. आता हे जन्मभर निघायचं नाही.

पण लीलाधर मला पुन्हा पुन्हा वाजवी. तार भरता भरता मान हलवी. ऐकता ऐकता मलाही उमगायला लागलं. तो कल्लोळ आंधळा नव्हता हो! चौघंही भरधाव सुटत, मध्येच श्वास रोखल्यागत गप्प होत, आणि पुढच्या ठोक्याला एकाच क्षणी, केसाचाही फरक न पडता, एकत्र येत. हजार वेढ्यांत एक वेढा चुकला तर मोटार जळते ना, तसंच ते होतं. चुकायला जागाच नव्हती. भीती गेली नाही माझी, पण तिच्या शेजारी आदर येऊन बसला.

लीलाधरला तर त्याचं वेडच लागलं. जेवताना ताटाच्या काठावर त्याची बोटं नाचत आणि ओठांत पुटपुट चाले. सात, सात, नऊ, पाच. पुन्हा सात. घास हातातच राही.

त्याची आई सुनंदाबाई हे पाहत होती. एक दिवस ती भाकरी घेऊन शेडवर आली. दार लोटलेलं. आतून ती डरकाळी, आणि मधूनमधून लीलाधरचा आवाज, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा. भाकरीचं फडकं तिच्या हातातून गळून पडलं.

त्या रात्री घरी ती शेजारच्या भिकुबाईपाशी रडली. मी तेव्हा लीलाधरच्या शर्टाच्या खिशात, खुंटीवर होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"पोर्‍या एकटा मोजत बठस, भिकुबाई. कोणले मोजस तो?"

भिकुबाईनं आवाज खाली आणला. "हाई बाहेरनं शे, अक्का. त्या डबीमा कोनतरी कोंडेल शे. भगतले बलाव, नही त जाळी टाक."

जाळायचं! माझी फीत आतल्या आत आखडली.

लीलाधरचे वडील तोताराम नाना. शेतकरी माणूस, पण पंचक्रोशीत कीर्तनाला मृदंग म्हटला की नानांचाच. ते ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "भगत नको, आगबी नको. तिच्यावर कीर्तन चढाई देऊ. हरिनामखाले कोन टिकस?"

पाहा बरं, मित्रांनो, काय तोड काढली! भूत माणसाच्या अंगातून काढतात ना, तसं माझ्या अंगातून काढायचं, तेही कीर्तन वर चढवून. आणि मुहूर्तही समोरच होता. मारुतीच्या देवळात सप्ताह चालू होता, दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. ते करणार निंबा बुवा. बुवांचा घसा दुखण्यानं धरला होता. यानंतर उभं राहता येणार नाही, असं ते स्वतःच सांगून चुकले होते. त्यांचा आवाज कुठंतरी राहावा, ही गावाची इच्छा होती. कोरी कॅसेट कुणी आणली नव्हती. मी सापडले. एका दगडात नानांनी दोन पक्षी पाहिले.

आता माझी दशा ऐका. हरिनाम तर मी जन्मापासून मागत होते! पण टेपच्या पोटात दोन मुंडकी असतात. एक ऐकवतं, दुसरं पुसतं. लाल बटण दाबलं की पुसणारं आधी अंगावर येतं. आधी मी संपणार, मग माझ्यावर देव येणार. आणि मूळ कॅसेट तर अभिमनबरोबर समुद्रापार गेलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाधर मोटार बसवायला मळ्यात गेला, तसं नानांनी मला खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून काढलं. कुणी चुकून पुसू नये म्हणून लीलाधरनं माझ्या पाठीवरचे दोन्ही कोपरे तोडून ठेवले होते. लाल बटण पुन्हा दबावं म्हणून नानांनी त्या भोकांत कापसाचे बोळे कोंबले. मला वाटलं, प्रेताच्या नाकात घालतात तसेच.

मांडवात बायका-माणसं जमू लागली होती. दह्याची हंडी बांधून झाली होती. नानांनी मला टेपमध्ये बसवलं. सुनंदाबाई खांबाला धरून उभी. फीत नीट सरकते का ते पाहावं म्हणून नानांनी आधी नुसतंच वाजवायचं बटण दाबलं.

आणि मी सुटले! गारा, सुऱ्या, डरकाळी, सगळं एकदम. पोरं आयांना बिलगली. कुणीतरी ओरडलं, "नाना, बंद करा ते!" सुनंदाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले. नानांचं बोट लाल बटणाकडे गेलं. मी देवाचं नाव घेतलं.

पण बोट तिथंच थबकलं. त्यांचा दुसरा हात मांडीवर ठेका धरू पाहत होता. एकदा धरला, सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. नानांच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा रे. मनी सम चुकनी."

उभ्या आयुष्यात त्यांची सम चुकली नव्हती. ते त्यांना कसं सोसावं? त्यांनी मला मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा चुकले. तेवढ्यात कुणीतरी निरोप दिला असावा, लीलाधर चिखलाच्या पायांनी धावत आला. "नाना, दाबू नका!"

"दाबत नही. आधी सांग, हाई पडस कुठे?"

लीलाधर बापासमोर बसला आणि टाळी देऊ लागला. "सात. परत सात. आते नऊ. आते पाच. धरा!" आणि नानांची थाप मांडीवर नेमकी पडली. बापलेक एकमेकांकडे पाहून हसले. सुनंदाबाईनं डोळे उघडले.

"म्हंजे तू हाईच मोजत व्हता?"

"मंग काय, माय! मोजं नही त हातमा बठत नही."

"माले वाटनं..." मग रागानंच म्हणाली, "तुना बापनी लगीन व्हताच मनी परात वाजी वाजी चेंदाडी व्हती. तवयच कळाले पाह्यजे व्हतं माले!" मांडव हसला. पण तिनं टेपकडे बोट केलं. "ठेका बरा शे. पन तो एवढा वरडस कसाले?"

उत्तर दिलं निंबा बुवांनी. ते केव्हाचे मागे वीणेपाशी बसून ऐकत होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सुनंदाबाई, नरसिंहना खांब फुटना, तवय काय बासरी वाजी राहिनी व्हती?"

सुनंदाबाईनं धरलेला खांब सोडला. नानांनी मात्र मान खाली घातली. "बुवा, पन दुसरी कॅसेट नही. तुमना आवाज..."

"मना राहू द्या," बुवा म्हणाले. "चार जनांनी जीव वतीसन करेल शे. त्यावर मी पाय देऊ का?"

त्यांनी स्वतः मला टेपमधून काढलं, भोकांतला कापूस नखानं उपसला आणि मला लीलाधरच्या हातावर ठेवलं.

मग ते कीर्तनाला उभे राहिले. मी लीलाधरच्या मुठीत होते. कृष्ण गोपाळांना काल्याला हाका मारतो, तिथं बुवांचा घसा बसला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नानांनी मृदंग हलका केला आणि सगळ्या मांडवानं बुवांच्या वतीनं हाक दिली, "या रे, या!" सुनंदाबाईचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता. बुवा हात जोडून रडत होते. पुढचं कीर्तन लोकांनीच पुरं केलं. पुढच्या सप्ताहाला बुवा नव्हते.

आता मी एका पत्र्याच्या डब्यात आहे. माझ्या फितीवर बुरशीचा पांढरा ठिपका धरला आहे, आणि तो रोज थोडा वाढतो, याचं मला भय वाटतं. तुमच्या घरी अशी एखादी जुनी कॅसेट असेल तर तिला ओलीपासून जपा. आणि ती पुसण्याआधी एकदा पुरती ऐका. मनासारखी नसली तरी.

आणि एक मागणं आहे. माझ्यात ती डरकाळी अजून शाबूत आहे, पण निंबा बुवांचा आवाज माझ्यात नाही. कुठल्याच फितीवर नाही. तो ठेवायला आता तुमच्याशिवाय जागा उरलेली नाही. मित्रांनो, बुवांना आठवा.