निळ्या पानावरचा शब्द

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, तुमच्यासमोर उजळ माथ्याने उभं राहायची माझी सोय नाही. माझा माथा धुळीने माखलेला आहे, ही गोष्ट वेगळी. धूळ पुसता येते. लाजेचं तसं नाही.

माझे मालक दातांच्या कवळ्या बनवतात. रस्त्याकडेच्या खोलीत त्यांचं काम चालतं. फळीवर गुलाबी डब्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांवर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, हे एकट्या माझ्या पोटात. "दात गेलेल्या माणसाचं नाव फळीवर कशाला टांगायचं?" असं मालक म्हणत. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकला नाही. दुसऱ्या कोणी मला विकतच घेतलं नाही, हेही खरं.

मालकांना एक खोड होती. ते घरभर दिवे विझवत फिरत. चहाला उठताना माझा पडदाही बंद करून जात. पण मुलगी माझ्यासमोर वाचत बसलेली असली, की त्या खोलीच्या बटणाला त्यांनी कधी हात लावला नाही. तिची पाठ दाराकडे असे, म्हणून तिला हे कधी कळलं नाही. माझं तोंड दाराकडे असल्याने मला सगळं दिसे.

मुलीचं लग्न झालं आणि जावईबापू आले. जेवण झालं, गप्पा संपल्या, आता यांना कसं रमवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना माझ्यासमोर बसवलं. म्हणाले, जरा बघा, फार वेळ घेतो आणि वीज खातो.

मित्रांनो, मी पुरता जागा होण्याआधी एक कळ दाबून धरली, की माझं निळं पान उघडतं. सकाळी आधी कुठे बघायचं, आत कोणाला घ्यायचं, वीज गेली-आली तर काय करायचं, हे तिथे ठरतं. रोज उठलो की मी आधी सीडीच्या रिकाम्या खणात डोकावत बसायचो. जावईबापूंनी ते बंद केलं. वीज परत आली की आपोआप उठायचं, असं ठरवून दिलं. पुढे पाच मिनिटं कोणी हात लावला नाही तर झोपायचं, हेही लावलं. मालक खूश झाले. माझंही खूप कौतुक झालं. मग जावईबापू म्हणाले, सुरू होताना पासवर्ड हवाच.

ते टाइप करत असताना मालकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. जावयाच्या बोटांकडे काय बघायचं? "काय ठेवलात?" असं विचारल्यावर जावईबापू खाकरले. "सोपा आहे. घरातलाच आहे. हिला सांगून ठेवतो. तुम्ही तो बंद करू नका, नुसता झोपू दे." मालकांनी भिडेपोटी पुन्हा विचारलं नाही, आणि जावईबापूंनी भिडेपोटी सांगितलं नाही.

तो शब्द मात्र माझ्या पोटात गेला आणि तेव्हापासून मी मान खाली घातली. मुलीने लहानपणी बापाला पाठीमागे ठेवलेलं नाव होतं ते.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका दुपारी एक मुख्याध्यापिकाबाई तोंडावर रुमाल धरून आल्या. संध्याकाळी त्यांचा निरोपसमारंभ होता, त्यात भाषण होतं, आणि भाषणाला दात हवे होते. मालक डबी शोधायला माझ्याकडे वळले, आणि वीज गेली. आली तसा मी शिकवल्याप्रमाणे आपोआप उठलो आणि इतक्या वर्षांच्या मालकालाच विचारलं : पासवर्ड?

फळीवर दोन कवळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. बाईंना दुसऱ्याचे दात घालून बघा म्हणणं शक्य नव्हतं. मालकांनी मुलीचं नाव टाकलं. मी नाही म्हणालो. मांजराचं टाकलं. नाही. मग त्यांनी हळूच मागे पाहिलं, थोडं लाजले, आणि स्वतःचं नाव टाकलं. जावयाने आपला मान ठेवला असेल, असं त्यांना वाटलं असावं.

मी नाही म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत वाईट काम.

हाताला साच्याचं प्लास्टर लागलेलं, म्हणून त्यांनी मुलीला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. पासवर्ड विचारला, तेव्हा तिने उलट त्यांनाच विचारलं,

"बाबा, तुम्ही बसलाय ना?"

"बसलोय. बाई खोळंबल्यात."

"चिक्कूशेठ."

"कोण?"

माझा पंखा तेवढा घरघरत होता.

"बरं," मालक म्हणाले. "स्पेलिंग सांग."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत ते स्वतःला ते नाव ठेवत गेले. मी प्रत्येक अक्षरावर काळा ठिपका टाकला. माझ्या हातात तेवढंच होतं.

डबी सापडली. बाईंनी पाठ फिरवून कवळी बसवली, आणि नव्या दातांनी पहिलं वाक्य बोलल्या, "मला पोरं छडीबाई म्हणतात. मी जन्मात छडी धरली नाही."

मालक हसले. पण त्या दिवशी ते चहाला उठले तेव्हा माझा पडदा बंद करायला विसरले.

त्याच आठवड्यात मुलगी एकटी आली. तो शब्द बदलते म्हणाली. "राहू दे, आता पाठ झालाय," असं म्हणून मालक आत गेले. ती माझ्यासमोर पुस्तक उघडून नुसतीच बसून राहिली. पाच मिनिटं झाली, मी झोपलो, आणि माझा काळा पडदा आरसा झाला. संध्याकाळ होती. मालक दिवे विझवत आले. दारात थांबले. बटणाकडे हात गेला, तिच्या हातात पुस्तक दिसलं, आणि हात मागे आला. चपलांचा आवाज न करता ते निघून गेले.

तिने हे सगळं माझ्या पडद्यात पाहिलं. मग पदराने माझ्या माथ्यावरची धूळ पुसली, निळं पान उघडलं आणि शब्द बदलला. आत जाऊन तिने तो बापाला मोठ्याने सांगितला. या वेळी "तुम्ही बसलाय ना?" असं विचारावं लागलं नाही.

तेव्हा मित्रांनो, पासवर्ड अवघड ठेवा, लांबलचक ठेवा, शेजाऱ्याला सांगू नका. पण ज्याच्या दाराला तो लावताय, त्याच्या तोंडावर म्हणता येईल असा ठेवा. आम्हां संगणकांना शब्द पोटात ठेवावे लागतात, आणि काही शब्द पचत नाहीत.