सहावीचा पगारी पोट्टा

रजतचं वय सत्तावीस, शिक्षण बी.एस्सी., बी.एड., आणि नोकरी सहावीत. सहावीला शिकवायची नव्हे, सहावीत बसायची.

त्याचं झालं असं. बालाघाटच्या बाहेर, जिथून तो स्वतः कर्ज काढून बी.एड. झाला, त्या कॉलेजात होऊ घातलेल्या शिक्षकांना सरावाचे पाठ द्यावे लागतात. समोर मुलं म्हणून वर्गातलेच सोबती बसतात. पण या कॉलेजात निम्मे प्रशिक्षणार्थी फी पाठवत आणि स्वतः येत नसत; कॉलेजचं नाव त्यामुळेच होतं. मग बाकावर बसणार कोण? प्राचार्य गोपाळकृष्ण सरांनी तोडगा काढला. जुनेच पास झालेले रिकामे विद्यार्थी बोलावले, दिवसाला तीनशे रुपये. अट एकच, माणूस बी.एड. हवा. मुलं नेमकी कशी चुकतात हे प्रशिक्षित माणसालाच कळतं, असं सरांचं म्हणणं.

त्याआधी रजत एका खाजगी शाळेत खराखुरा शिक्षक होता. पगार साडेपाच हजार, तोही वर्षाचे दहा महिने. उन्हाळ्यात शाळेनं सगळ्या शिक्षकांना मुलं गोळा करायला पिटाळलं. रजत पार लामता गावापर्यंत हिंडला आणि तीन आणली. त्यातले दोघे भाऊ निघाले, त्यांना फीत सूट द्यावी लागली. शाळेनं हात जोडून रजतला घरी पाठवलं. सरकारी भरतीत लहान मुलांसाठी बी.एड. चालेना, आणि मोठ्या मुलांसाठीची परीक्षा पाहुण्यासारखी. येतो येतो म्हणायची, यायची नाही. बँकेचा चौतीसशेचा हप्ता मात्र बोलावल्याशिवाय यायचा.

सहावीत त्याला महिन्याला बावीस दिवसांचे सहा हजार सहाशे सुटू लागले. शिक्षक असताना मिळायचे त्याहून अकराशे जास्त. शिक्षण वाया जात नाही म्हणतात ते हेच असावं.

बाकावर प्रत्येकाला काम ठरलेलं. मिशीवाला प्रीतम हा हुशार मुलगा. दोन लेकरांची आई असलेली आम्रपाली ही लाजाळू मुलगी. आणि रजत म्हणजे पहिलं उत्तर चुकवणारा. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. “तुझी चूक फार नैसर्गिक असते रे,” असं सर एकदा म्हणाले. पदवी घेतल्यापासूनचं त्याचं हे पहिलं कौतुक.

घरी त्यानं फक्त इतकं सांगितलं होतं की कॉलेजात लागलो. वडील दुलीचंद भरवेलीच्या खाणीत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी कॉलनीत सांगितलं, पोरगा प्रोफेसर झाला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. प्रोफेसर आणखी काय करतो?

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग धाकटी नूतन बी.एस्सी. झाली. तिला मोटरसायकलच्या शोरूममध्ये काउंटरवर आठ हजारांचं काम मिळत होतं आणि तिला ते करायचंही होतं. दुलीचंदनं जेवताना हिशेब मांडला. एका बी.एड.चे सहासष्टशे, तर दोघांचे तेरा हजार दोनशे. दोन हप्त्यांचे अडुसष्टशे गेले, उरले सहा हजार चारशे, दर महिन्याला, घरबसल्या. काउंटरवर काय ठेवलंय? नूतनसाठी कर्ज काढायचं, आणि तिच्या कर्जाला जामीन रजतची सही.

आज बोललो नाही तर पोरगी आपल्याच खड्ड्यात पडते, हे त्याला दिसत होतं. त्यानं ताट बाजूला सारलं.

“बाबा, मी तिथं शिकवत नाही. मी सहावीतला पोट्टा आहो. बाकावर बसतो, चुकीचं उत्तर देतो, त्याचे पैसे भेटते मले.”

दुलीचंदचे डोळे भरून आले.

“पाह्य कमला,” तो बायकोला म्हणाला, “याले म्हणते मास्तर. पोराईत पोरगा होऊन राह्यला.”

कमलाबाईंनी लेकाला आणखी एक पोळी वाढली, आणि नूतनलाही तो दादाचा नम्रपणाच वाटला. खरं बोलल्याचं इतकं फळ रजतला आधी कधी मिळालं नव्हतं.

सही करायची नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं ठरवून तो दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेला. तर सरांनी सांगितलं की यंदा प्रवेश कमी आहेत. पाठ कमी, म्हणजे बाकावरचे दिवस कमी. महिन्याचे दहा धरा. दहा दिवसांचे तीन हजार. हप्ता चौतीसशे.

“एखादी ॲडमिशन आण ना,” सर सहज म्हणाले. “रोज येणारी आण. जितके पाठ ती देईल, तितके दिवस तू बसशील.”

रजतनं मनातल्या मनात गणित केलं. या खेपेला पहिलंच उत्तर बरोबर आलं. नूतनच्या कर्जातून फी, फीतून त्याची रोजी, रोजीतून त्याचा हप्ता. आपला हप्ता भरायला बहिणीचा हप्ता सुरू करायचा.

शुक्रवारी त्यानं बँकेत सही केली. साहेबानं नोकरी विचारली तेव्हा दुलीचंदनंच सांगितलं, प्रोफेसर. रजतनं नको म्हटलं नाही. चुकलेलं उत्तर सुधारायचं काम त्याच्याकडे नव्हतंच.

तीन महिन्यांनी नूतनचा पहिला पाठ आला; तोवर नव्यांना पाठाच्या वर्गाकडे फिरकू देत नसत. विषय गणित, वर्ग सहावी. ती खडू घेऊन आत आली, आणि दुसऱ्या बाकावर तिला प्रोफेसर दिसला. गुडघे बाकात अडकलेले, पाण्याची बाटली गळ्यात. प्राचार्य मागे गुण द्यायला बसले होते. नूतन फळ्याकडे वळली आणि तारीख लिहायला तिला फार वेळ लागला.

मग तिनं गणित घातलं. तयारी केलेलं नव्हे, दुसरंच.

“एका घरात भाऊ-बहीण. दोघांनी मास्तर व्हायले कर्ज घेतलं. हप्ते देऊन महिन्याले किती उरन?”

मग ती म्हणाली, “रजत, तू सांग.”

रजत उभा राहिला. खरं उत्तर त्याला पाठ होतं. पण पहिलं उत्तर चुकवायचे त्याला पैसे मिळत होते, आणि सर पाहत होते.

“सहा हजार चारशे, मॅडम.”

प्रीतमनं बोट वर केलं. हुशार मुलगा होता तो.

“मॅडम, काहीच नाही उरत.”

“बरोबर,” नूतन म्हणाली. “बस खाली.”

सरांनी चांगले गुण दिले. आयुष्याशी सांगड घातली म्हणाले.

संध्याकाळी दोघं एकाच मोटरसायकलवर घरी निघाली. भरवेलीचं वळण आलं. रजत तिच्या शिव्यांची वाट पाहत होता. शिव्यांनी बरं वाटलं असतं.

“फी वापस नसन ना भेटत?” तिनं विचारलं.

“नाही.”

थोडं अंतर गेलं. कॉलनीचे दिवे दिसायला लागले. फाटकाजवळ दुलीचंद कोणाला तरी हात हलवून काही सांगत उभा होता.

“दादा,” नूतन मागून म्हणाली, “पास झाल्यावर जागा होईन का रे त्या बाकावर?”

रजतनं गाडी हळू केली.

“आम्रपाली सोडून राह्यली,” तो म्हणाला. “तिले तिसरं होणार आहे. लाजाळू पोरीची जागा आहे. सरांशी बोलून ठेवतो.”

“हौ,” नूतन म्हणाली. “बोलून ठेव.”