दादाची फेरी

आमचा क्लब म्हणजे लॉन्ड्रीच्या खालचं तळघर. वर आठवडाभर मशिनं घरघरतात, म्हणून आम्ही वाजवायचो रविवारी दुपारी, लॉन्ड्री बंद असते तेव्हा. पाइप तरीही कोमटच राहतात, भिंतींना साबणाचा वास येतो, आणि पहिलं गाणं संपेपर्यंत माणूस इस्त्रीला दिल्यासारखा वाफाळतो. एका खुर्चीचा दुसरीशी मेळ नाही. जागा संपली की लोक जिन्यावर बसतात. लॉन्ड्रीवाला स्वतः कॉफी नि बियर आणून देतो, आणि ग्लास विसरून घरी नेणाऱ्याच्या मागे त्याच्या दारापर्यंत जातो.

वाजवणारे आम्ही चार. पियानोवर मास्तरीणबाई. शाळेतून त्या रिटायर झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. ड्रमवर दातवाला. हा खरोखरचा दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांची तोंडं उघडून त्यांना गप्प बसवतो आणि सगळा आवाज रविवारी करून घेतो. डबल बासवर, म्हणजे माणसाहून उंच अशा व्हायोलिनवर, मी. आणि ट्रम्पेटवर माझा थोरला भाऊ, दादा.

दादा आणि मी एकाच वर्कशॉपमध्ये. मी गाड्यांच्या रेडिएटरची गळती काढतो, तो वेल्डिंग करायचा. शिक्षण दोघांचं सारखंच, म्हणजे नाहीच. तो रेडिओ ऐकून ट्रम्पेट शिकला. मला त्यानं बास शिकवला, तो काही माझ्या प्रेमापोटी नाही. त्याला मागे उभं राहायला कोणीतरी हवं होतं.

ज्यांनी हे जॅझ संगीत बसून ऐकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. गाणं आधी सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्याच गाण्याच्या चालीवर स्वतःच्या मनातलं वाजवतो. त्याला आम्ही फेरी म्हणतो. एकाची संपली की दुसऱ्याची. बासवाल्यालाही फेरी मिळते, पण मी कधी घेतली नाही. माझी वेळ आली की मी मान हलवायचो आणि पुढच्याला जाऊ द्यायचो. दादा चिडायचा. "जन्मभर पायाच भरत बसणार का रे? घर कधी बांधणार?" मी म्हणायचो, "तू बांध, मी खाली उभा आहे."

वेल्डिंगच्या धुरानं दादाची छाती गेली. शेवटी शेवटी फेरी पुरी व्हायची नाही त्याच्यानं. अर्ध्यावर सूर सोडायचा आणि मी खालून बासचा ठेका जरा जोरात धरायचो, म्हणजे लोकांना वाटावं हे असंच बसवलंय. "बस की आता," मास्तरीणबाई म्हणायच्या. पण दातवाल्यानं फेरीसाठी त्याच्याकडे बघितलं की हा उठलाच. बोलावलं आणि गेला नाही असं त्याच्या आयुष्यात झालं नाही. एका मंगळवारी वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसल्या बसल्या गेला. मी समोर रेडिएटर तपासत होतो. मला वाटलं डुलकी लागली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वाजवलं. घरी बसून तरी काय करणार होतो? त्याची खुर्ची त्याच्या जागी होती, हलवायचं कोणाला सुचलं नाही. दादाचा आवडता संथ ब्लूज सुरू केला. मास्तरीणबाईंची फेरी झाली आणि दातवाल्यानं सवयीनं त्या खुर्चीकडे बघितलं. बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता काय? कोणी सुरूच केलं नाही. बाईंनी हात मांडीवर घेतले. दातवाला ब्रशनं हळू हळू ड्रम घासत राहिला, मी ठेका धरून राहिलो, आणि ती अख्खी फेरी तशीच गेली. वर कोणी नाही. खाली ठेका, वर मोकळी जागा. फेरी संपली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झालं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर रविवारी त्या गाण्यात दादाची फेरी आम्ही मोकळी सोडायचो. लोक खुर्चीकडे माना वळवून बसायचे. चमच्याचा आवाज नाही, खोकला नाही. बातमी पसरली, गर्दी वाढली. एकदा तर एका बहाद्दरानं त्या रिकाम्या फेरीला वन्स मोअर दिला. हसू नका, आम्ही घेतलाही.

वहिनी खांबाजवळ बसायच्या. दादा असताना त्या फार येत नसत. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण आता एकही रविवार चुकवत नव्हत्या. पहिल्या काही रविवारांपैकीच एक असेल, मी बासला खोळ घालत होतो आणि त्या जवळ येऊन म्हणाल्या, "भावोजी, आज छान वाजवलं त्यांनी."

मी म्हटलं, "हो ना." दुःखातल्या माणसाशी वाद घालतात का?

"शेवटी वर गेले आणि तिथेच थांबून राहिले. मग एकदम खाली आले. पायरी चुकल्यासारखे."

मास्तरीणबाई पियानो बंद करत होत्या. त्यांचा हात थांबला. "कसे खाली आले? गुणगुणून दाखवा बरं."

वहिनी लाजल्या, पण गुणगुणल्या. बाईंनी तेच पियानोवर एका बोटानं वाजवलं. वर जाणं, थांबणं, मग ती चुकलेली पायरी. दादा सोडून जगात कोणी तसं खाली येत नाही. आणि हे त्यानं आधी कधी वाजवलेलं नव्हतं. मी त्याच्या मागे सगळी हयात उभा होतो, मला माहीत असतं.

बाईंनी झाकण लावलं. "आपण यावर बोलायला नको," म्हणाल्या. आणि नाही बोललो.

पण खरं सांगायचं तर माझ्या मनात राग आला. भाऊ माझा. त्याच्या पायाखालचा ठेका मी धरायचा आणि ऐकू यायचं ते वहिनीला? मग मी दर रविवारी कान टवकारून उभा राहू लागलो. आज येईल, आज येईल. पाइपमधलं पाणी ऐकू यायचं, दातवाल्याचे ब्रश ऐकू यायचे. दादा नाही. बाहेर पडताना वहिनी सांगायच्या आज काय काय वाजवलं, आणि मी दुसऱ्याच्या घरचं जेवण वर्णनावर जेवावं तसा ऐकत राहायचो.

मग एका रविवारी वहिनी काही न बोलताच जिना चढल्या. मी मागे गेलो. लॉन्ड्रीच्या काउंटरला टेकून उभ्या होत्या.

"काय झालं?"

"आज त्यांना धाप लागली होती, भावोजी."

मेल्यावर तरी छाती मोकळी झाली असेल, एवढंच तर मी स्वतःला सांगत आलो होतो.

पुढच्या रविवारी म्हणाल्या, अर्ध्यावर सोडलं. त्याच्या पुढच्या रविवारी, दोनच सूर आणि नुसता खोकला. लोक मात्र टाळ्या वाजवत होते.

मग पुतणी वर्कशॉपमध्ये आली. नोकरीमुळे ती दुसऱ्या गावी राहते. आली ती रेडिएटरच्या ढिगाऱ्यातून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, ते बंद करा."

"काय बंद करा?"

"वेड पांघरू नका. आई रविवारनंतर दोन-दोन दिवस जेवत नाही. खिडक्या उघडत सुटते, म्हणते त्यांना हवा पुरत नाही. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणते, रविवारी ते वाजवतात, कोणीतरी असायला नको का? ती फेरी दुसऱ्या कोणालातरी द्या."

"तुझ्या बापाची फेरी आहे ती. मी कोणाला देणार नाही."

"तुम्हाला ऐकू येतात बाबा?"

मी फडक्याला हात पुसत बसलो.

"येत नाहीत ना? मग कोणासाठी ठेवलीय?"

"येतील कधीतरी," मी म्हणालो. बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे दादासारखे आहेत, रागावले तरी माणसाला समजून घेणारे.

"काका," ती हळू म्हणाली, "आईला ऐकू येतं ते खरं की खोटं, मला माहीत नाही. पण खरं असेल तर तुम्ही आजारी माणसाला दर रविवारी उठवताय."

त्या रविवारी वाजवण्याआधी आमची जुंपली. दातवाला म्हणाला, "अर्धे लोक त्या फेरीसाठी येतात, बाबा." मास्तरीणबाईंनी त्याला झापलं, "ही काय जत्रा आहे?" पण फेरी भरायलाही त्यांचा हात धजत नव्हता. "त्याच्यावर कसं वाजवायचं?" एवढंच पुटपुटल्या. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. मला अजून एक रविवार हवा होता. खरं म्हणजे मला नेहमीच अजून एक रविवार हवा होता.

वहिनी आल्या. गालफडं बसलेली. पुतणीनं दंडाला धरलं होतं. खांबाकडे न जाता त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"भावोजी, त्यांना वाजवायचं नाहीये."

"असं ते म्हणाले?"

"ते कशाला म्हणतील? कधी कोणाला नाही म्हणाले का? तुम्ही सगळे थांबता, खुर्चीकडे बघता. मग ते उठतात. आज त्यांना बसू द्या."

"मग फेरी कोण घेणार?"

"मला काय विचारता? मला यातलं काय कळतं?" त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "भाऊ तुम्ही आहात ना त्यांचे?"

संथ ब्लूज सुरू झाला. जिन्यापर्यंत माणसं. बाईंची फेरी आली, चालली, संपत आली. मी ठरवलं होतं असं म्हणू नका, मी काहीच ठरवलं नव्हतं. बाईंनी शेवटचा सूर ठेवला, हात मांडीवर घेतले. दातवाल्यानं ब्रश उचलले. एकाच वेळी सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या.

आणि मला ऐकू आलं.

सूर नाही. सुराच्या आधीचं. ट्रम्पेट ओठाला लावण्याआधी माणूस नाकानं जो श्वास ओढून घेतो, तो. माझ्या डाव्या हाताला, नेहमीच्या अंतरावर. तो श्वास मी माझ्या आईच्या हाकेसारखा ओळखतो. मध्येच अडकत होता, शिट्टीसारखा वाजत होता, तरी भरून घेत होता. लोक बघतायत ना. उठायलाच हवं.

एक ठोका थांबलो असतो तर दादानं वाजवलं असतं. इतके रविवार मी त्याच्याचसाठी उभा होतो.

मी वाजवलं.

फार वाईट वाजवलं. हाताला सवयच नाही, तारा खरखरल्या, पहिल्या ओळीत तर मी कुठे चाललोय मलाच कळेना. दातवाल्यानं तोंड उघडं टाकलं, त्याच्याच पेशंटसारखं. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. "शू!" कोणीतरी केलं. जिन्यावरून एक जण म्हणाला, "अहो, थांबा की! ती फेरी त्यांची आहे!" मी मान वर केली नाही. बाजूचा श्वास अजून होता. वाट बघत होता, याचं झालं की आपण, तसा. मी दुसरी फेरीही घेतली. बाईंनी खालून हळूच साथ धरली. मी जे हाताला येईल ते वाजवत गेलो, जड, घोगरं, एकाला एक चिकटून. डावीकडचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला. त्यातली शिट्टी गेली. झोपलेल्या माणसाचा होतो तसा संथ झाला. मग इतका हलका झाला की तो आहे की पाइपातली वाफ आहे हे कळेना. मग नुसतीच वाफ.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एक-दोघं उठून गेले. मी बास तसाच धरून उभा होतो.

वहिनी जवळ आल्या. चेहरा ओला होता.

"काही ऐकू आलं?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्ही." पदरानं नाक पुसलं. "फार चुकलात हो."

"फारच."

"आई, भूक लागली असेल ना?" पुतणी म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "लागलीय खरी." आणि दोघी जिना चढून गेल्या.

त्याच महिन्यात त्या लेकीकडे राहायला गेल्या. फोन करतात. खिडकीबद्दल काही बोलत नाहीत, शेजारणीच्या कागाळ्या सांगतात. क्लबातली गर्दी ओसरली. ज्यांना गाणंच ऐकायचंय ते येतात, तेवढे पुरे. खुर्चीवर आता लॉन्ड्रीवाल्याचा मेहुणा बसतो, त्याचं वजन बघता ती फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

ती फेरी मी घेतो. हात जरा बसलाय. पण मास्तरीणबाई दर वेळी कान उपटतात. "अहो धाकटे बंधू, किती कोंबताय! दोन सुरांमध्ये जागा सोडा. श्वास घेऊ द्या गाण्याला."

मी मान डोलावतो. त्यांचं बरोबर आहे, मलाही कळतं. पण मी सोडत नाही. मोकळी जागा दिसली की तो उठेल. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत मी ती फेरी गच्च भरून काढतो, बोटं सोलपटली तरी.

आणि दर रविवारी, त्या फेरीत कुठेतरी, माझा हात थांबू थांबू करतो.