डाव्या डोळ्यातला हिरवा

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी नर्सने शेडमामांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. पहिल्यांदा दिसली ती नर्सची पांढरी बाही.

"बाई, तुम्ही बाही निळीत बुडवून आलात की काय?"

"पट्टी निघाली की सगळे हेच म्हणतात," नर्स हसली. "आतलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. रोज थोडं थोडं. मन तेवढं जुळवून घेतं, म्हणून कळत नाही. डाव्याचं पुढच्या गुरुवारी करू."

मामांनी रंगाच्या दुकानात एकतीस वर्षं काढली होती. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं आणि मामा नुसत्या नजरेने हुबेहूब तोच रंग कालवून द्यायचे. म्हणून सगळे त्यांना शेडमामाच म्हणत; खरं नाव मालकालाही आठवत नसे.

मुलीचा हात धरून ते झोपेत चालल्यासारखे घरी आले. वाटेत एकेक डोळा मिटून बघत होते. डावा मिटला, की रस्ता नुकता धुऊन वाळत घातल्यासारखा. उजवा मिटला, की सगळ्यावर फिका चहा सांडलेला.

घरी मुलीने कपाटातून त्यांचा स्वेटर काढून दिला. पाच वर्षांपूर्वी बायकोने विणलेला. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. मामा स्वेटर हातात धरून उभेच राहिले.

या स्वेटरवरून दोघांचं कायम वाजायचं. ती म्हणायची, निळा आहे हो. ते म्हणायचे, हिरवा. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिला अंधारात बसवा, म्हणेल ऊन पडलंय!" एकदा तिने लोकरीचं लेबल आणून पुढ्यात ठेवलं, तर हे म्हणाले, "लेबलं लिहिणाऱ्यांना काय कळतंय?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

"निळा आहे ना गं हा?"

"निळाच आहे, बाबा. पहिल्यापासून."

"मग तू तरी बोलायचंस!"

"आईने बोलू दिलं नाही. म्हणाली, राहू दे, त्यांचं सगळं त्या नजरेवर उभं आहे."

मामा म्हणाले, "आणि दुकानात?"

मुलगी पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही.

त्या आठवड्यात ते रोज दुपारी खिडकीपाशी बसायचे. मांडीवर स्वेटर, उजव्या डोळ्यावर तळहात. त्या हिरव्यात ती समोर बसलेली असायची, ओठ हलवत टाके मोजत, मधेच नजर वर करून यांच्याकडे बघत. हात काढला की उन्हात लख्ख निळा स्वेटर दिसे. तिचं बरोबर होतं, आणि खुर्ची रिकामी होती.

बुधवारी मुलीने ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला. "बाबा, सही."

"करतो."

"कधी? दोन डोळ्यांना दोन जगं दिसतात म्हणून काल जिन्यात पडता पडता वाचलात."

"आधी पेनातली शाई कुठल्या रंगाची आहे ते बघू दे."

दोघंही हसली. मामा आधी थांबले.

गुरुवारी आठ वाजता नर्सचा फोन आला. "निघाले का मामा? खाट तयार आहे."

मुलीने खिडकीकडे पाहिलं. मामा मांडीवर स्वेटर घेऊन, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून बसले होते. "विचारून सांगते," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

साडेदहापर्यंत कागदावर सही झालेली नव्हती.