हलक्या हाताचं मशीन

"हे नको. हे हावरट आहे," असं म्हणून मायव्होरने लाकूड घासायचं पट्ट्याचं सँडर काउंटरवर परत ठेवलं.

"अगं पण ताकद बघ याची," दुकानदार रोलँड म्हणाला. "शिवाय सवलतीत आहे."

"ताकद हवी असती तर घोडा घेतला असता. मला घरी बनवलेली स्टुलं घासायचीत. हे चार घासांत स्टूल खाऊन टाकेल."

मी गाडीची किल्ली हातात घेऊन मागे उभा होतो. हेर्नोसांदला माझा दातांचा दवाखाना होता आणि मायव्होर तिथे बत्तीस वर्षं लोकांचे दात साफ करत होती, मी दात कोरताना मदतीलाही असायची. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. ते तिला सांगणं भागच होतं. पण मी सांगितलं ते खुर्चीत पेशंट तोंड वासून बसलेला असताना. "मायव्होर, ठेव ते. तुझ्या हाताचा आता भरवसा नाही." तिने एप्रन काढला, त्याची घडी केली आणि पेन्शनला तीन वर्षं बाकी असताना घरी गेली.

त्याची माफी मागायची म्हणूनच आज मी तिला गाडीने आणलं होतं. आणि वाटेत पंचवीस किलोमीटर बर्फाबद्दल बोललो. आम्ही इकडची, उत्तर स्वीडनची माणसं बर्फावर तासभर बोलू. मनातलं बोलायची वेळ आली की दातखीळ बसते.

सगळ्यात स्वस्त, चारशे क्रोनरचं सँडर तिने चालू केलं आणि लगेच बंद केलं. "कोपरापर्यंत मुंग्या आल्या. हे फुकट दिलंस तरी महाग आहे." मग सातशेचं उचललं, गोल चकतीचं, मागे भुशाची पिशवी असलेलं. रोलँडने पाइनची एक खडबडीत फळी दिली.

तिने मशीनचं वजन फळीवर सोडलं आणि हात नुसता वर ठेवला. मशीन सावकाश पुढे गेलं, मागे आलं. हात थरथरतोय की मशीन, मला कळेना. फळीला तर त्याचा पत्ताच नव्हता. बंद करून तिने बोट फिरवलं. दवाखान्यातही ती डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवायची. मीही हात लावून बघितला. कुठे म्हणून अडकला नाही.

"स्तूरे, तूही चालवून बघ की," ती म्हणाली.

मी चाळीस वर्षं दात कोरलेला माणूस, मला काय अवघड? ऐटीत मशीन धरलं आणि दाबलं. फळीवर गोल गोल ओरखडे उठले. रोलँडने फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोलँड, याला लागणारे गोल पॉलिश पेपर दे ना," मायव्होर म्हणाली. "ऐंशी नंबर आणि एकशेवीस. आत असतील बघ."

तो आत गेला. तो दिसेनासा झाल्यावर तिने ओरखड्यांवर अंगठा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "तू दाबतोस. पहिल्या दिवसापासून दाबतोस. दात तापायचा आणि पेशंट माझा हात घट्ट धरायचा."

"बत्तीस वर्षं? मग बोलली का नाहीस कधी?"

"खुर्चीत पेशंट असायचा ना."

मला इतकी लाज वाटली की तोंड उघडेना. ते उघडलं तेव्हा रोलँड पॉलिश पेपर घेऊन समोर उभा होता. म्हटलं, आता तो आहे तेच बरं.

"मायव्होर, त्या दिवशी पेशंटसमोर मी तुझा अपमान केला. मला माफ कर."

रोलँडने खाली बघून कागद मोजायला घेतले.

"बरं," मायव्होर म्हणाली आणि तिने पर्समधून कार्ड काढलं. हात थरथरत होता. कार्ड पहिल्यांदा खाचेत बसलं नाही, दुसऱ्यांदा बसलं नाही. मदतीला ना रोलँडने हात पुढे केला, ना मी. तिसऱ्यांदा बसलं.

"पिशवी नको," ती रोलँडला म्हणाली, आणि सँडरचं खोकं स्वतःच काखेत घेतलं.